कालनिर्णयवरची टिंबं

परवा दुधाचा हिशोब करायला नवरा कालनिर्णयसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ही पेन्सिलची बारीक टिंबं कसली, जास्तीच्या पिशव्या घेतल्यास का, आणि माझ्या तोंडून पटकन 'हो' निघून गेलं. आता बघा, जीभ ताब्यात राहावी म्हणून जी टिंबं काढायला घेतली त्यांच्याबद्दलच मी खोटं बोलले, तेही काही कारण नसताना, अर्ध्या सेकंदात. पुढे दूधवाल्याला जास्त पैसे जायची वेळ आली तेव्हा खरं सांगावंच लागलं. म्हटलं, अरे ती दुधाची नाहीत, माझ्या बोलण्याची आहेत, लेंट चालू आहे ना, ईस्टरआधीचे चाळीस दिवस, दिवसात कितीदा कुजकं बोलले किंवा मनात आणलं तितकी टिंबं. त्याने चष्मा वर करून त्या दिवसाची मोजली. "सात?" म्हणाला, "एवढीच?"

त्या 'एवढीच'ला मी मनातल्या मनात एक उत्तर दिलं आणि गुपचूप आठवं टिंब काढलं.

आम्ही मूळचे नगरचे, आता अहिल्यानगर म्हणायचं, अमेरिकन मराठी मिशनच्या वळणातले, म्हणजे प्रोटेस्टंट, मराठी ख्रिस्ती. आजी बायबलबाई होती, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवायची. २०१६ला नवऱ्याची नोकरी वेर्ण्याला आली आणि आम्ही मडगावजवळ रायला भाड्याच्या घरात आलो, मी मडगावात एका ऑफिसात अकाउंट्स बघते. इथल्या लोकांना सुरुवातीला आमचं कोडंच पडायचं, ख्रिस्ती आहेत पण कोकणी येत नाही, आणि प्रार्थना चक्क मराठीतून. एका बाईंनी तर विचारलंच, देवाला मराठी कळतं का हो? गमतीने विचारलं होतं, पण मला लागलं, आणि मी म्हटलं, इथून हाकेच्या अंतरावर ते राशोल आहे ना, तिथे १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं, ते कुठल्या भाषेत होतं विचारा तुमच्या फादरना. म्हणजे मुद्दा बरोबर होता, पण टोन असा होता की त्या बाई नंतर कधी माझ्याशी प्रार्थनेविषयी बोलल्या नाहीत.

ते ख्रिस्तपुराण लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सचा विचार मी बरेचदा करते. इंग्लंडातला माणूस, १५७९ साली गोव्यात आला, इथलं बोलणं शिकला, आणि येशूची सगळी गोष्ट ओव्यांमध्ये लिहिली, छापली रोमन लिपीत पण भाषा मराठी. रत्नांमध्ये हिरा तशी भाषांमध्ये मराठी, असं त्याने लिहून ठेवलंय. परक्या माणसाने आपल्या भाषेचा हिरा केला आणि मी जन्मापासून मराठी बोलणारी, त्या हिऱ्याने काय करते तर काच कापते. टोमण्याला आपल्याकडे किती शब्द आहेत बघा, खोचक, तिरकस, कुत्सित, कुजकट, खवचट, टोचून बोलणं, हाणून पाडून बोलणं, शालजोडीतला देणं. आणि आमच्या घरात तर खवचट हा अर्धा कौतुकाचाच शब्द होता, "काय खवचट आहे कार्टी" असं आत्या म्हणाली की मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. तेव्हापासून लागलेली सवय आहे ही, पन्नाशी उलटली तरी कोणी काही बोललं की माझं डोकं आधी उत्तर शोधतं, समोरच्याचं ऐकून नंतर घेतं.

आता मुख्य गोष्ट सांगते, जिच्यामुळे ही टिंबं सुरू झाली.

शेजारी एक जुनं गोंयकार घर आहे, पुढे बाल्कांव, दोन बाजूंना बसायला सिमेंटची बाकं. तिथे संध्याकाळी गजाली रंगतात. घरात म्हातारी आहे, तिला सगळा वाडा शामाय म्हणतो, म्हणजे आजी, आणि तिची सून, पस्तिशीची, एक मुलगा सहा वर्षांचा. सुनेचा नवरा तारवटी, बोटीवर नोकरीला. गेल्या नाताळात ती ताट घेऊन आली, दोदोल, नेवऱ्या, बेबिंकचे दोन तुकडे, वरती क्रोशाचा रुमाल. माझ्याकडे तेव्हा नगरहून नणंद आणि तिच्या दोन मैत्रिणी आलेल्या. मी सगळ्यांना सांगत होते की हिचं घर बघा एकदा, आरशासारखं असतं, आणि मग कौतुक करता करता म्हणाले, "बरोबर आहे, नवरा सहा-सहा महिने बोटीवर, पसारा करायला आहे कोण!" सगळ्या हसल्या. ती पण हसली. रुमाल घडी करून घेतला, "देव बरें करूं आंटी" म्हणाली आणि गेली.

मग महिनाभर ती काही आमच्याकडे फिरकली नाही. समोर दिसली तर मान हलवायची, बाकी काही नाही. आणि मी काय विचार केला असेल? मी ठरवून टाकलं की हिला शिष्टपणा आलाय, डॉलर येतात ना घरात. नंतर शामायकडून कळलं की नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं होतं, तो नाताळला येणार म्हणून हिने घर रंगवून घेतलेलं, आणि तो येत नाही हा फोन ताट घेऊन आमच्याकडे यायच्या आदल्या रात्री आलेला.

पसारा करायला आहे कोण.

तुम्ही म्हणाल एवढं काय, गंमतीत बोललीस, मुद्दाम थोडीच. मी पण स्वतःला पंधरा दिवस हेच सांगत होते. शिवी मी देत नाही, खोटं शक्यतो बोलत नाही (दुधाचं सोडून द्या), भांडत तर नाहीच. ख्रिस्ती घरात वाढलेल्या बाईचं बोलणं जसं असायला हवं तसंच माझं वरून असतं. आणि इथेच मला ते २०१८चं मासळीचं प्रकरण आठवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गोव्यात जून आणि जुलै दोन महिने ट्रॉलरची मासेमारी बंद असते, मासळी येते ती बहुतेक बाहेरच्या राज्यांतून. २०१८च्या जुलैत मडगावच्या होलसेल मार्केटात आलेल्या मासळीला फॉर्मेलिन लावतात अशी बोंब उठली. फॉर्मेलिन म्हणजे मेडिकल कॉलेजात प्रेतं टिकवायला वापरतात ते. पेपरात, टीव्हीवर, बाल्कांवात दुसरा विषय नाही, सरकारने काही दिवस बाहेरची मासळी बंद केली, आणि गोव्यात माणसं डाळभात खायला लागली, ही काय साधी गोष्ट नाही. तोवर मला इतकंच माहीत होतं की ताजा बांगडा ओळखायचा तर कल्ले लाल हवेत, डोळा चकचकीत हवा, बोट दाबलं तर खळी राहायला नको. आता लोक सांगायला लागले की हे सगळं बघून उपयोग नाही, मासा दिसायला ताजा, वास नाही, आणि आत भलतंच. माशी बसत नसेल तर घेऊ नका म्हणे. माशी न बसणं हा अवगुण ठरला त्या महिन्यात.

बायबलात पौलाने इफिसकरांना पत्रात लिहिलंय ना, चौथ्या अध्यायात एकोणतिसाव्या वचनात, तुमच्या तोंडातून काही कुजकं भाषण निघू नये, तर ऐकणाऱ्याला गरजेप्रमाणे जे उभं करेल तेच निघावं. नगरला एका बायबल स्टडीत आमच्या पाळकांनी सांगितलं होतं की कुजकं यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे तोच मत्तयच्या तेराव्या अध्यायात माशांना वापरलाय, जाळ्यात सगळ्या जातीचे मासे येतात, चांगले टोपलीत आणि वाईट फेकून. म्हणजे कोळ्यांच्या तोंडचा शब्द. आणि मराठीत तर आपण आधीपासूनच कुजकट बोलणं म्हणतो, भाषांतर करणाऱ्याला शोधायची गरजच पडली नसेल. तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं आणि विसरले. गोव्यात येऊन मासळी बाजारात उभं राहिल्यावर कळायला लागलं. आणि माझा प्रॉब्लेम त्याच्याही पुढचा निघाला. माझं बोलणं कुजकं असतं तर वास तरी आला असता, लोकांनी नाक दाबलं असतं, मला कळलं असतं. माझ्या बोलण्याला फॉर्मेलिन आहे. हसू आहे, कौतुक आहे, "अगं तुझ्या भल्यासाठीच" आहे, वरून आमेन पण आहे.

आमेनवरून आठवलं. आमच्या बायकांचा प्रार्थनेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चांगला आहे, कितीतरी जणींना अडचणीत आधार मिळालाय त्याच्यातून, पण त्यात असाही मेसेज येतो, "बहिणींनो, अमुक भगिनीच्या संसारासाठी प्रार्थना करा, जास्त सांगत नाही…" आणि ती तीन टिंबं जे काम करतात ते पेपरातली बातमी करणार नाही. पाच मिनिटांत चौघींचे पर्सनल मेसेज, काय झालं गं? मी पण पाठवलेत असे मेसेज, दोन्ही बाजूंचे. आणि "प्रार्थनेत आठवण ठेवते हं" हे वाक्य आहेच, फोन ठेवायचा असला की. तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या असं येशू डोंगरावर सांगून गेला, आणि आमचं 'प्रार्थना करते' म्हणजे सरकारी ऑफिसातल्या 'बघू'सारखं. ठेवली का आठवण? शंभरातल्या दहांची ठेवली असेल. मी अकाउंट्सवाली आहे, तेव्हा मत्तयमध्ये जे आहे की माणसं जो प्रत्येक व्यर्थ शब्द बोलतील त्याचा हिशोब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल, ते बाकीच्यांना धमकीसारखं वाटत असेल, मला ते मार्च एंडसारखं वाटतं, खरंच पोटात गोळा येतो, कारण व्हाउचर कुठेच ठेवलेले नाहीत.

तर मग काय केलं? आधी तोंड बंद करून बघितलं.

आजीची एक युक्ती होती. बायका जमल्या आणि कोणाच्या तरी सुनेचा विषय निघाला की ती कनवटीची डबी काढून एक लवंग तोंडात टाकायची. तिला ती पहारेकरी म्हणायची, स्तोत्रात आहे ना, हे परमेश्वरा माझ्या तोंडावर पहारा ठेव, एकशे एकेचाळिसावं. लवंग चुरचुरते, बोलायला सुचत नाही, आणि उठून पण जावं लागत नाही. मी लेंटच्या पहिल्या आठवड्यात लवंगा घेऊन ऑफिसला गेले. दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे मला लवंग तोंडात ठेवून पण छान बोलता येतं. दुसरं म्हणजे जेव्हा खरंच गप्प बसले तेव्हा आत जे चालू होतं ते ऐकून मीच घाबरले. मडगावच्या बसमध्ये वीस मिनिटं, कोणाशी एक शब्द नाही, आणि डोक्यात अखंड कॉमेंट्री, ही बाई एवढी पर्स घेऊन दोन सीट अडवून बसलीय, कंडक्टर सुट्टे देणार नाही बघ, साहेबाने काल माझ्याच फाइलवर सही का अडवली, त्याला उद्या असं म्हणेन, मग तो असं म्हणेल, मग मी असं. सगळं नाटक लिहून तयार, माझे डायलॉग सगळ्यात भारी. तोंडाला पहारेकरी आणि आत चोरांचा मेळावा. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, तू आजारी आहेस का चिडलीयेस तेवढं सांग, मी त्याप्रमाणे घरी येईन.

इथे मला मिसमधली, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेतली, एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या पद्धतीची उपासना इथे जवळपास नाही, म्हणून मी कधी कधी शामायबरोबर इथल्या चर्चमध्ये जाते. आमच्याकडे क्रूस काढायची पद्धत नाही, त्यामुळे पहिल्यांदा गेले तेव्हा शुभवर्तमान वाचायच्या आधी अख्खं चर्च अंगठ्याने कपाळ, ओठ, छाती असं काहीतरी करायला लागलं ते बघून मला वाटलं एकदम सगळ्यांना खाज कशी सुटली. शामायला विचारलं. ती म्हणाली, "कपलार, तोंडार, काळजार." बस. तिला वाटलं एवढ्यात कळायला हवं. वचन डोक्यात राहू दे, तोंडात राहू दे, हृदयात राहू दे, असे तीन छोटे क्रूस. फादर पण त्याच वेळी हळू आवाजात माझं हृदय आणि माझे ओठ शुद्ध कर अशी प्रार्थना करतात म्हणे, बायबलातल्या यशया संदेष्ट्याची आठवण आहे ती, ज्याने देवाला बघितल्यावर पहिलं काय म्हटलं तर मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे, आणि देवदूताने वेदीवरचा पेटता निखारा आणून त्याच्या ओठांना लावला. लवंग परवडली. आणि सुरुवातीलाच जी पापांची कबुली असते तिच्यात पण क्रम आहे, विचाराने, शब्दाने, कृतीने आणि जे करायचं ते न केल्याने. चार हेड. मी फक्त दुसऱ्या हेडखाली एंट्री करत होते आणि पहिल्याचं बॅलन्स कॅरी फॉरवर्ड होत होतं, मग जुळणार कसं? येशूने सांगितलंय त्याप्रमाणे तर जे अंतःकरणात भरून वाहतं तेच तोंडातून निघतं. तोंड म्हणजे नुसता नळ, टाकी वरती आहे.

टिंबांची पद्धत माझी नाही. एका रिट्रीटमध्ये ऐकली, आणि ती आहे जेझुइट संघ काढणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलांची, म्हणजे ज्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले त्यांची. एकच दोष धरायचा, सगळे नाही. सकाळी उठल्यावर आज यापासून सांभाळायचं असं मनाशी घ्यायचं. दुपारी आणि रात्री मागे वळून बघायचं, तास तास आठवायचा, आणि जितक्या वेळा घसरलो तितकी टिंबं रेघेवर द्यायची. दिवसाला दोन रेघा. आणि घसरलो की तिथल्या तिथे हात छातीवर ठेवायचा, चार लोकांत असलो तरी कोणाच्या लक्षात येत नाही असं त्यांनीच लिहून ठेवलंय. आमच्या ऑफिसात लक्षात आलं. बाजूच्या टेबलवरच्या मुलीने मला दोन दिवसांनी ॲसिडिटीची गोळी आणून दिली.

रेघा काढायला कालनिर्णयच्या चौकोनात जागा कुठे, म्हणून नुसती टिंबं. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन-तीन, मी खूश, वाटलं चाळीस दिवसांत संत होणार. दुसऱ्या आठवड्यात नऊ, अकरा, एकदा चौदा. म्हटलं हे काय, औषधाने ताप वाढतोय? मग कळलं की आधी मला दिसतच नव्हती. जे आपण 'फक्त बोलले' म्हणतो, 'फक्त मनात आलं' म्हणतो, ते आता मोजलं जायला लागलं. मनात येण्याबद्दल मात्र एक आधार मिळाला, चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा इव्हाग्रियस नावाचा साधू होता, तो म्हणतो की विचार येऊन त्रास देणार की नाही हे आपल्या हातात नाही, पण ते मुक्कामाला राहणार की नाही हे आपल्या हातात आहे. हे मला पटलं, कारण आपण पाहुण्यांच्या बाबतीत हेच करतो. दारात कोण येईल सांगता येत नाही. पण चहा टाकायचा, का बाहेरूनच बोलून वाटेला लावायचं, हे घरवालीने ठरवायचं असतं. आणि मी एकेका टोमण्याला चहाच काय, जेवायला ठेवून घ्यायचे, रात्री गादी घालायचे. म्हणून आता बसमध्ये मनात कोणाबद्दल काही आलं की त्याचं नाव घेऊन एक वाक्य प्रार्थना करते, त्याच्यासाठी, त्याच्याविरुद्ध नाही. पर्सवाल्या बाईचं नाव माहीत नाही तर 'या निळ्या साडीसाठी' म्हणते. सोपं नाही, साहेबासाठी प्रार्थना करताना तर मी दोनदा सल्ले द्यायला लागले देवाला.

जेवणाच्या टेबलवर पण टिंबं फार पडतात. संत ऑगस्टीनच्या चरित्रात आहे की त्यांनी आपल्या जेवणाच्या मेजावरच लिहून ठेवलं होतं, जो कोणी हजर नसलेल्यांच्या आयुष्याचे लचके तोडतो त्याला या मेजावर जागा नाही. आणि ओळखीचे बिशपच एकदा सुरू झाले तर हे म्हणाले, एक तर ते अक्षर पुसा नाहीतर मी उठून जातो. आमच्या टेबलवर असं लिहिलं तर माझं नि नवऱ्याचं जेवण उभ्याने ओट्यापाशी होईल. पोप फ्रान्सिस २०२०च्या सप्टेंबरात, साथ जोरात असताना, म्हणाले होते की गॉसिप ही कोविडपेक्षा वाईट साथ आहे, तेव्हा आमच्या ग्रुपवर ते सगळ्यांनी फॉरवर्ड केलं होतं, आणि त्याच संध्याकाळी कोणाला कोविड झालाय नि ते लपवतायत याची यादी पण फॉरवर्ड झाली होती.

हे सगळं म्हणजे हसायचंच नाही, गोडगोड बोलायचं असं मात्र मला वाटत नाही. काही विश्वासू लोकांचं बोलणं इतकं गुळचट असतं की मुंग्या लागतील, आणि त्यात खरेपणा औषधाला नसतो. येशूचं बोलणं तसं नव्हतं. सुईच्या नाकातून जाणारा उंट, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधणारा आणि स्वतःच्या डोळ्यात मुसळ घेऊन फिरणारा, हे ऐकून त्या वेळच्या लोकांना हसू आलंच असणार. परुश्यांना, म्हणजे त्या वेळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, चुना लावलेल्या कबरी म्हणाला, ह्याच्यापेक्षा तिखट काय असतं? पण तिखट तो तोंडावर बोलला, मोठ्यांना बोलला, जे लोकांच्या डोक्यावर ओझी लादत होते त्यांना. विहिरीवरच्या शोमरोनी बाईला, जिचे पाच नवरे झालेले, तिला तो टोमणा मारू शकला असता, तिचं सगळं माहीत असून, आणि आमच्या वाड्यातल्या कोणीही मारला असता, मी तर नक्कीच. त्याने प्यायला पाणी मागितलं. माझा खवचटपणा आणि त्याचा यातला फरक मला इथे सापडतो, मी नेहमी माझ्यापेक्षा एक पायरी खाली उभ्या असलेल्या माणसावर धार करून बघते. साहेबाला काही म्हणायची हिंमत नाही, तारवट्याच्या बायकोला म्हणाले.

तर तिच्याकडे जायचं होतं. टिंबं काढून ते भागत नव्हतं. इग्नेशियसचंच अजून एक वाक्य त्या रिट्रीटमध्ये ऐकलं होतं, त्यांच्या 'स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस' या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला आहे ते, की दुसऱ्याच्या म्हणण्याचा चांगला अर्थ लावायला ख्रिस्ती माणूस दोष देण्यापेक्षा जास्त तयार असला पाहिजे. मी तिच्या गप्प राहण्याचा शिष्टपणा असा अर्थ लावून बसले होते. त्याचं काय करायचं?

चार दिवस वाक्य तयार करत होते. मराठीत माफी मागणं किती अवघड आहे हे तेव्हा कळलं. 'सॉरी गं' म्हणजे धक्का लागला तर म्हणतात ते. 'मनावर घेऊ नकोस' म्हणजे चूक तुझीच. 'गंमत केली होती' म्हणजे तुला विनोद कळत नाही. 'क्षमा कर' म्हटलं तर उपासना चालू झाल्यासारखं वाटतं. शेवटी काही न ठरवता संध्याकाळी गेले, हातात नगरहून आलेली शेंगदाण्याची चटणी, रिकाम्या हाताने जायची हिंमत नव्हती. शामाय बाल्कांवात बसलेली, मुलगा खाली होमवर्क करत होता, सून तांदूळ निवडत होती. मी बसले. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हटलं, "नाताळला मी तुझ्या घराबद्दल बोलले ना, सगळ्यांसमोर. ते वाईट बोलले मी. तुला दुखवायचं म्हणून नाही, पण मला हुशारी दाखवायची होती, आणि ते तुझ्या जिवावर दाखवली."

मला वाटलं होतं ती 'छे छे आंटी, काही नाही' म्हणेल, आणि मग सगळं गोड होईल, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. ती तांदळातून मान न काढता म्हणाली, "हय आंटी. म्हाका वायट दिसलें."

आणि गप्प बसली. मी पण. माझ्याकडे पुढचं वाक्य नव्हतं, आणि जे सुचत होतं ते सगळं मला सोडवायला सुचत होतं. तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग सांगायला लागली, की तो फोन आला तेव्हा रंगाचे डबे अजून पडवीत होते, आणि मुलाला तिने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सांगितलं नव्हतं. मी ऐकलं. मध्ये बोलले नाही. एक-दोनदा 'आमच्याकडे पण असंच' तोंडाशी आलं होतं.

सातची घंटा झाली. आमोरी, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची. शामाय उठून उभी राहिली, आम्ही पण, ती पुटपुटत होती, मला त्यातलं अर्धं येत नाही, मी नुसती उभी. झाल्यावर मुलगा हात जोडून आजीसमोर गेला, बेसांव मागायला, इथे मुलं संध्याकाळी मोठ्यांचा आशीर्वाद घेतात तो. "देव बेसांव घालूं," शामाय म्हणाली. मग आईसमोर. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, हात जोडलेले, "आंटी, बेसांव," म्हणाला. याकोबाने लिहिलंय ना, एकाच तोंडातून आशीर्वाद नि शाप, एकाच झऱ्यातून गोड नि कडू, ते नेमकं तेव्हाच आठवायचं होतं का? मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मराठीतच म्हणाले, देव तुझं भलं करो बाळा, तुझे पप्पा सुखरूप येवोत. सून दुसरीकडे बघत होती. चटणीची वाटी तिने आत नेऊन रिकामी करून आणली, धुऊन, पुसून.

निघताना दारातून आत लक्ष गेलं. सोफ्यावर कपड्यांचा ढीग, खिडकीच्या काचेवर धूळ, खाली खेळण्यातल्या गाड्या. मनात आलंच, आज काही आरसा नाही हो.

घरी येऊन आधी पेन्सिल शोधली.